बसून केलेल्या शस्त्रक्रिया

संपादकांना श्रद्धेच्या बळावर घडलेल्या चमत्काराची गोष्ट हवी होती. प्रस्तुत लेखक ज्या पुनर्वसन विभागात काम करतो तिथे चमत्कार होत नाहीत. महिनोन्‌महिने व्यायाम होतात. त्यामुळे डॉ. मेरी वर्गीज यांच्याविषयी लिहिलेले बरे.

1925 साली केरळातल्या सिरियन ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या मेरी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाल्या. 1954 मध्ये मोटार अपघातात मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले.

त्याच कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. त्यांनी मेरींना या कामाकडे वळवले. चाकांच्या खुर्चीतून ऑपरेशन, म्हणून आजही लोक तोंडात बोट घालतात. अहो, हाताचे सर्जन एरवीही बसूनच ऑपरेशन करतात! रुग्णाचा हात शेजारच्या लहान टेबलावर असतो. बसल्या जागी होईल असे काम ब्रँड यांनी नेमके हेरले, हे लेखकाला कुठल्याही सांत्वनापेक्षा मोठे वाटते.

कुष्ठरोग बोटे खातो, हा समज तर काही केल्या जात नाही. जंतू नसा निकामी करतात. कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर नस गेली, की पंजातले लहान स्नायू मरतात आणि बोटे आकड्यासारखी वळतात. मग शाबूत स्नायूची कंडरा सोडवून बोटांना जोडायची, त्या स्नायूला नवे काम शिकवायचे... असो, हे फार तांत्रिक झाले. मुद्दा असा, की बोटे सरळ झाली तरी गेलेली संवेदना परतत नाही. तापलेला तवा कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे झडतात ती त्यामुळे.

मेरींच्या कमरेखालीही संवेदना नव्हती. अशा माणसाला बैठकीचे व्रण टाळायला हातांवर भार देऊन अंग वरचेवर उचलावे लागते, कातडी रोज तपासावी लागते. रुग्णांनी हातांची घ्यायची तीच काळजी डॉक्टरांना स्वतःच्या शरीराची घ्यावी लागे. संत पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली; तो निघाला नाही, काम मात्र चालू राहिले. मेरींच्या श्रद्धेची जात हीच. पाय परत मिळाले नाहीत, तरी देवाने नेमलेले काम मिळाले.

पुढे पर्थला उपचार आणि न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत शिक्षण घेऊन त्या परतल्या, वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाच्या प्रमुख झाल्या. 1966 मध्ये तिथे पुनर्वसन संस्था उभी राहिली. 1972 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्याकडे मात्र चाकांच्या खुर्चीतला माणूस दिसला, की आधी तो चालू लागावा म्हणून प्रार्थना सुरू होते, आणि त्याच चर्चच्या दाराशी चार पायऱ्या असतात. प्रार्थना जरूर करा. पण या नाताळाआधी गवंड्यालाही बोलवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार, आणि दोन्ही बाजूंना कठडा.