यारीवाला

अंधेरीच्या गच्चीवरून उतरते विमान दिसले की मला वैमानिकाऐवजी यारीवाल्याचीच आठवण होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूस उतरले, त्या चिमुकल्या विमानाचे एंजिन दीडशे किलोंच्या आतले. चार गड्यांनी सहज उचलावे! १९७१ साली एअर इंडियाकडे आलेल्या जंबोचे एकेक एंजिन मात्र सुमारे चार टनांचे. असले धूड कारखान्यात हलवावयास छताखालच्या रुळांवर सरकणारी यारीच हवी. पण तिच्या बळापेक्षा तिचा मंदपणाच मला थोर वाटतो. आकडा भारमध्याच्या नेमका वर नसला, तर एंजिन उचलताच कलते, एखादी नळी चेपते. आणि ती चेप कोणास दिसलीच नाही तर? म्हणून शेवटचे बोटभर अंतर उतरविताना यारीवाला कळ दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. नजर खालच्या गड्याच्या हातावर.