क्लोराइडची बाजू

पेशीपटलाचा धडा निघाला की वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाची मुलं सोडियम-पोटॅशियम पंप घडाघडा म्हणून दाखवतात: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी तो १९५७ साली खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना ओळखला, हेही पाठ असतं. मग मी विचारते, ‘पेशीत एवढं पोटॅशियम भरलंत, त्याचा धनभार फेडतं कोण?’ वर्ग गप्प.

आत तो फेडतात फॉस्फेटं आणि प्रथिनं. बाहेर सोडियमच्या जोडीला मुख्यतः क्लोराइड. पटलाच्या दोन बाजूंत सत्तर मिलिव्होल्टचा फरक असतो, हे खरं. पण वीस मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीत तेवढ्यासाठी लाखातले एक-दोन पोटॅशियम आयन जोडीदार मागे ठेवून बाहेर पडले तरी पुरतं. त्यापुढे विजेची ओढच त्यांना जाऊ देत नाही. आयन मोठ्या संख्येनं वाहतात ते बहुतेकदा जोडीनं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी यातल्या ऋण जोडीदारावर अन्याय केला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पटकी घ्या. हा रोग जंतूच्या विषामुळे होतो, हे शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यात सशाच्या आतड्यावर सिद्ध केलं. हे विष आतड्याच्या पेशींतलं क्लोराइडचं दार उघडं ठेवतं. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत ओतलं जातं, पोकळी ऋणभारित होते, आणि पेशींमधल्या फटींतून सोडियम त्याच्यामागे खेचलं जातं. जिथे मीठ तिथे पाणी. तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, ते असं.

विष आणखी एका दाराला मात्र हात लावत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन आत घेणारं वाहक प्रथिन पटकीतही शाबूत असतं. पाण्यात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही दिलं, की सोडियम पुढे होतं, क्लोराइड मागोमाग येतं आणि पाणीही. रोगात क्लोराइड पुढे आणि सोडियम मागे, उपचारात उलट! याच मिश्रणावर दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं तेव्हा, हजारो माणसं वाचवली.

आज औषधाच्या दुकानात मिळणारं ओआरएसचं, म्हणजे तोंडावाटे द्यायच्या अशाच मिश्रणाचं, पाकीट वाचून पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल, पोटॅशियम २०, धनभार ९५. क्लोराइड ६५, सायट्रेट १०, आणि सायट्रेटवर तीन ऋणभार. म्हणजे पुन्हा ९५. ग्लुकोज ७५, सोडियमइतकंच. पूर्वी सायट्रेटच्या जागी खाण्याचा सोडा असे. दमट हवेत ती पुडी टिकत नसे.

म्हणून एक विनंती. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय, तेवढ्यातच सगळी पूड विरघळवा. अर्धी पूड ग्लासात अंदाजाने टाकू नका आणि चवीसाठी वरून साखरही घालू नका. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.