मेंफिसची छोटीशी खोली

अमेरिकेच्या नकाशात मिसिसिपी नदी शोधा पाहू. तिच्या काठी, टेनेसी राज्यात मेंफिस शहर आहे. तिथल्या युनियन अव्हेन्यूवर ७०६ क्रमांकाची इमारत म्हणजे सन स्टुडिओ. गाणी ध्वनिमुद्रित करायची खोली आपल्या वर्गापेक्षा फार मोठी नाही, बरं का!

सॅम फिलिप्स यांनी ती १९५० साली सुरू केली. थोडे डॉलर द्या आणि आपला आवाज तबकडीवर घ्या, अशी सोय. १९५३ मध्ये नुकतीच शाळा संपवलेला, गरीब घरचा एल्विस प्रिस्ले तिथे आला. पुढे तो ट्रक चालवू लागला, पण गाणं सुटलं नाही. ५ जुलै १९५४ ला त्याने तिथे आपलं पहिलं गाजलेलं गाणं म्हटलं. साथीला स्कॉटी मूरची गिटार आणि बिल ब्लॅकचं माणसाएवढं बास. ड्रम नव्हताच! बिल बासच्या तारांवर चापट्या मारायचा, तोच ठेका. गोऱ्या खेडुतांची गाणी आणि काळ्या लोकांचे ब्लूज यांच्या या मिश्रणाला पुढे रॉकबिली म्हणू लागले.

फिलिप्स यांची युक्ती ऐका. टेपरेकॉर्डरमध्ये आवाज टिपणारा भाग आणि ऐकवणारा भाग यांत थोडं अंतर असतं. म्हणून टेपवरचा आवाज किंचित उशिरा येतो. दुसऱ्या यंत्रावरचा हा उशिराचा आवाज ते गाण्यात मिसळत. झाला प्रतिध्वनी!

पण छोट्या कंपनीला पैशांची चणचण. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्यांनी एल्विसचा करार ३५,००० डॉलरना आरसीए व्हिक्टरला विकला. एचएमव्हीच्या तबकडीवरचा कुत्रा आजोबांना विचारा. या कंपनीची निशाणीही तोच. जानेवारी १९५६ मध्ये नॅशव्हिलला ध्वनिमुद्रण झालं. एवढी मोठी कंपनी, पण 'सन'चा प्रतिध्वनी काही जमेना! शेवटी बोळात स्पीकर आणि माइक ठेवून काम भागवलं.

२३ मार्च १९५६ ला 'एल्विस प्रिस्ले' ही मोठी तबकडी निघाली. तिच्यातल्या १२ गाण्यांपैकी ५ त्या छोट्या खोलीतलीच होती, कारण करारासोबत जुन्या टेपही गेल्या होत्या. तबकडी १० आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

मग फिलिप्स फसले का? मला तरी तसं वाटत नाही. मिळालेल्या पैशांतून त्यांनी कार्ल पर्किन्सला पुढे आणलं. त्याच्या 'ब्लू स्वीड शूज'च्या दहा लाखांहून जास्त तबकड्या खपल्या. गंमत म्हणजे एल्विसची तबकडी याच गाण्याने सुरू होते!

मधली बरीच वर्षं बंद असलेला हा स्टुडिओ १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. दिवसा प्रवासी खोली बघून जातात. रात्री तिथे अजूनही गाणी ध्वनिमुद्रित होतात.