परक्याच्या रानातून

चांदी जमिनीतून निघते हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीच्या माणसाला शाळेच्या पुस्तकामुळे ठाऊक असतं. एरवी ती त्याच्या घरी लगड होऊन येते, मुशीत वितळते, तार होऊन ओढली जाते आणि पैंजण होऊन देशभर जाते. ती येते कुठून, याची चौकशी कुणी करत नाही. म्हणून स्वीडनमध्ये वेस्टेरोसला पुतण्याकडे गेलो, तेव्हा त्याने आखलेले राजवाडे आणि बोटी बाजूला ठेवून मी एकच हट्ट धरला: सालाची खाण.

साला हे वेस्टेरोसच्या उत्तरेचं छोटं, झोपाळू गाव. सोळाव्या शतकात इथली चांदी स्वीडनच्या राजाचा खजिना होती. खाण १९०८ पर्यंत चालली. बारूद येण्याआधी खडकाला लाकडं लावून आग पेटवायची, तो तापून तडकला की फोडायचा, अशी पद्धत होती. एवढ्या लाकडासाठी आसपासच्या राईच्या राई तुटल्या असणार. आता १५५ मीटर खाली एक खोली भाड्याने देतात. भोवती दोन अंश थंडी, आत शेकोटीसारखी ऊब. चांदीच्या धंद्यात आयुष्य गेलं, पण चांदीच्या पोटात झोपायला पैसे मोजावेत असं मला वाटलं नाही. वर आलो.

वर पुतण्या दोन सायकली घेऊन उभा होता. इथून उत्तरेला दाल नदीपर्यंत, पन्नास-साठ किलोमीटर, आणि होता होईल तो डांबर टाळून. ग्रॅव्हल बाइक हा प्रकार मी तेव्हाच नीट पाहिला. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, त्यामुळे लांबून शर्यतीची सायकल वाटते. पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद. आत ट्यूब नाही. त्याऐवजी पातळ चीक ओतलेला असतो, काटा शिरला तर तोच भोक बुजवतो. हवा मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे टायर खड्यावर आपटत नाही, त्याला पोटात घेतो. आमच्या पिढीने सायकल मारली ती पोटासाठी, मागच्या कॅरियरला माल बांधून. खडीच्या रस्त्यावर हौसेने सायकल घालायची, ही कल्पनाच मला परकी.

पण रस्ता मिळाला आणि तक्रार संपली. तो कच्चा होता, वाईट नव्हता. बारीक खडी नीट दाबलेली, मध्ये किंचित फुगवटा, दोन्ही अंगांना उतार आणि कडेला साफ चर. पाणी पडलं की चरात जातं. धूळ बसावी म्हणून उन्हाळ्यात रस्त्यावर क्षार मारतात. थंडी संपताना जमिनीतला बर्फ वितळून रस्ता आतून भुसभुशीत होतो, तेव्हा जड गाड्यांना काही आठवडे बंदी घालतात. खडीच्या रस्त्याची एवढी उस्तवार असते हे मी पहिल्यांदा पाहिलं.

तासाभराने रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा आला, शेजारी पाटी. मी खाली उतरलो.

“खासगी दिसतंय रे. मागं फिरूया.”

“काका, दांडा मोटारीला हाय, आपल्याला न्हाई. बाजूनं काढा की सायकल.”

“अरे, पण रान कुणाचं तरी असंल.”

“असंल की! कुणाचं बी असू दे.”

माझा पाय काही उचलेना. आमच्याकडे बांधावरून पाय घसरून शेजारच्या सरीत पडला तरी आवाज चढतो. फूटभर बांधासाठी दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारी घरं कोणत्या गावात नाहीत? आणि हा पोरगा, हुपरीतच वाढलेला, परक्याच्या रानात शीळ घालत शिरत होता.

पुढे एका ओढ्याकाठी भाकरीऐवजी पाव खाताना त्याने सगळं सांगितलं. त्या देशात कुणालाही कुणाच्याही जंगलातून, कुरणातून चालत किंवा सायकलीवर जाण्याचा हक्क आहे. जंगली बोरं, अळंबी तोडता येतात, एखादी रात्र तंबू ठोकून राहता येतं. ही वहिवाट जुनी, पण १९९४ पासून तिला थेट राज्यघटनेत जागा मिळाली आहे. मर्यादाही स्पष्ट आहेत: उभ्या पिकात शिरायचं नाही, नव्या लागवडीत नाही, घराच्या अंगणाजवळ नाही. त्रास द्यायचा नाही, नासधूस करायची नाही. खासगी रस्त्यावर मालक मोटारी अडवू शकतो. पायी जाणाऱ्याला आणि सायकलवाल्याला नाही.

देशाच्या सुमारे सत्तर टक्के जमिनीवर जंगल आहे आणि त्यातलं जवळपास निम्मं घरगुती मालकीचं. म्हणजे आमच्याकडे चार एकर ऊस असतो तसं तिथे माणसाचं जंगल असतं. आमचा ऊस बारा ते अठरा महिन्यांत तोडणीला येतो, त्यांचं झाड सत्तर ते शंभर वर्षांनी. लावणारा तोडायला नसतो. रस्त्याकडेला ओंडक्यांच्या दुमजली थप्प्या दिसतात त्या याच पिकाच्या, आणि हे रस्तेही मुळात त्या ट्रकांसाठीच काढलेले. खरं सांगायचं तर रान म्हणून ते आमच्या दाजीपूरच्या जंगलापुढे फिकंच. स्प्रूस आणि पाइन, पाइन आणि स्प्रूस. अधूनमधून पांढऱ्या सालीचा बर्च. दाजीपूरच्या एका ओहोळाकाठी जितक्या जातींची झाडं सापडतील, तितक्या त्या अख्ख्या दिवसात दिसल्या नाहीत. अचंबा झाडांचा नव्हताच.

आणखी एक गोष्ट मला उलगडेना. रस्ता सरकारचा नाही, मग चर साफ करतं कोण? उत्तर ऐकून मी हसलोच. संस्था! रस्त्याकडेचे जमीनमालक मिळून रस्त्याची संस्था करतात. कुणाची जमीन किती आणि रस्त्याचा वापर किती, त्यावर ज्याचा त्याचा वाटा ठरतो. वर्षाला सभा होते, वर्गणी ठरते, बर्फ कुणी काढायचा ते ठरतं. काही रस्त्यांना सरकार अनुदान देतं. ते घेतलं की रस्ता सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. स्वीडनमध्ये सरकारी रस्ते लाखाच्या आतबाहेर किलोमीटर असतील. असे खासगी रस्ते त्याच्या कितीतरी पट.

आता ही रीत कोल्हापूरच्या माणसाला नवी आहे का? नदीतून पाणी उचलायला आमच्याकडे पाणीपुरवठा संस्था आहेत आणि त्यात पट्टी एकरावरच बसते. दुधाला संस्था, उसाला कारखाना, कर्जाला सोसायटी. सहकार आम्ही साऱ्या महाराष्ट्राला शिकवला म्हणून भाषणं ठोकतो. फक्त शेताकडे जाणाऱ्या पाणंदीला संस्था नाही.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळात संध्याकाळ आणि आभाळात चार वाजल्यासारखं ऊन असताना, टेर्नशोवरून पुढे दाल नदीच्या काठी पोचलो. टेर्नशोत झाडांच्या अर्काने चामडं कमावणारा जुना कारखाना आहे. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चपला घालणाऱ्या जिल्ह्यातला माणूस तिथे न थांबता पुढे गेला, याचं मला अजून वाईट वाटतं. पण नदीने भरपाई केली. फेर्नेबोफियार्डन हे राष्ट्रीय उद्यान इथे १९९८ साली झालं. नदी इथे पसरते, बेटं करते आणि काठाला कुरणं. वसंतात पूर आला की ही कुरणं पाण्याखाली जातात आणि लोक जाऊ देतात. पूर्वी त्यांतलं गवत कापून गुरांना घालत. या पाणथळीत डास इतके माजतात की २००२ पासून हेलिकॉप्टरने जैविक कीटकनाशक टाकतात. तरीही आमच्या वाट्याला भरपूर उरले होते. एका कुरणापाशी घोड्याहून उंच एल्क उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, सायकली ओळखीच्या वाटल्या असाव्यात, आणि चरत राहिला.

पुराला मोकळं सोडलेलं ते गवत बघताना पंचगंगा आठवल्यावाचून राहिली नाही. आमच्या नदीला कुरण उरलेलं नाही, ऊस थेट पाण्याला टेकलाय. २००५, २०१९, २०२१ ला पाणी आलं तेव्हा ते पसरायला जागा शोधत गावांत शिरलं.

परत आल्यावर मी एक उद्योग केला. रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोलीच्या शिवारातल्या पाणंदी साध्या सायकलीवर फिरलो. बाजूला ऊस, वर बगळे, मध्येच एखादी जुनी बाभळ. दृश्य कुठे कमी नाही. पण काही पाणंदी बैलगाडीच्या मापाच्या होत्या त्या आता एका माणसाच्या मापाच्या राहिल्यात. दर नांगरटीला दोन्हीकडून एकेक तास आत सरकतं. पावसाळ्यात चिखल, हंगामात उसाचा ट्रॅक्टर रुतलेला, आणि ज्यांनी पाणंद खाल्ली तेच ट्रॅक्टर काढायला जेसीबी शोधत फिरतात.

कायदा नाही असं नाही. अडवलेला रस्ता मोकळा करायला १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. बांधावरून वाट मागायला १९६६ च्या महसूल संहितेचं कलम १४३ आहे. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ ला मातोश्रींच्या नावाची सरकारी योजना आली. तिथल्यासारखं परक्याच्या रानातून फिरण्याचा हक्क आज मागत नाही. इथल्या पाव एकराच्या शेतकऱ्याला तो परवडणारही नाही. जी वाट नकाशात गावाची आहे तेवढी गावाला परत हवी. त्यासाठी आधी नकाशा बघावा लागतो, आणि तो बघितलेला माणूस आमच्या गल्लीत मला भेटला नाही. गाव नकाशाची नक्कल हातकणंगल्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की मिळते. ज्याच्या रानाला पाणंद लागून आहे त्याने ही नक्कल काढावी आणि पावसाळ्याआधी शेजाऱ्याला सोबत घेऊन पाणंद मोजावी.