अडकलेली नेत्रिका

कॅमेऱ्याचे बहुतेक भाग जगाकडे तोंड करून असतात. माणसाकडे तोंड करून असलेला महत्त्वाचा भाग एकच, तो म्हणजे व्ह्यूफाइंडरची नेत्रिका, म्हणजेच जिला डोळा लावून छायाचित्रकार चौकट ठरवतो ते मागच्या बाजूचे लहानसे भिंग आणि त्याभोवतीची रबरी कड. भुवईचा घाम, गालाचे तेल आणि चष्म्याची काच यांच्याशी वर्षानुवर्षे घासत राहिल्यामुळे ती वापरणाऱ्याच्या शरीराशी इतर कोणत्याही भागापेक्षा अधिक जोडलेली असते, आणि म्हणूनच ती काढता-घालता यावी अशी सोय कॅमेरे घडवणाऱ्यांनी पूर्वीपासून ठेवली आहे. ही सोय एरवी कोणाच्या ध्यानात नसते. ती आठवते ती डोळा बदलल्यावर, आणि बहुधा नेमक्या त्याच वेळी नेत्रिका जागची हलत नाही.

डोळा आणि कॅमेरा यांच्यातले अंतर छायाचित्रकाराच्या आयुष्यात पायरीपायरीने बदलत जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी मध्यमवर्गीय घरात ज्याचे छायाचित्रण सुरू झाले, त्याच्या हाती अनेकदा बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक-३ पडला. या कॅमेऱ्यात १२० क्रमांकाच्या फिल्मवर सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा छायाचित्रे येत, आणि त्याचा व्ह्यूफाइंडर म्हणजे भिंगापासून थोडी वेगळी अशी छोटी खिडकी होती. खिडकी आणि भिंग वेगवेगळ्या जागांवरून पाहत असल्यामुळे जवळच्या माणसाचे डोके खिडकीत पूर्ण दिसूनही फिल्मवर छाटले जाई, आणि घरोघरच्या आल्बममधल्या कितीतरी अर्धवट कपाळांचे कारण हेच आहे. तेथे डोळ्याने जे पाहिले आणि फिल्मने जे टिपले, त्यांचा संबंध केवळ अंदाजाचा होता.

स्टुडिओत आणि वृत्तपत्रांत वापरल्या जाणाऱ्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यांत डोळा आणखी दूर राहिला. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि पुढे दिल्लीत वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केलेल्या होमाई व्यारावाला यांच्या हातातल्या रोलायफ्लेक्समध्ये वरच्या भिंगातून आलेली प्रतिमा आरशावरून परावर्तित होऊन वरच्या बाजूच्या दुधी काचेवर पडे, आणि छायाचित्रकार कॅमेरा छातीशी धरून मान खाली घालून तिच्याकडे पाही. ही प्रतिमा सुलट असली तरी तिच्यात डावे-उजवे उलटे झालेले असते, त्यामुळे चौकटीतून निसटणाऱ्या माणसाच्या मागे जाताना हात सवयीच्या विरुद्ध दिशेला वळवावा लागतो. अशा कॅमेऱ्याने धावपळीच्या समारंभात नेमका क्षण पकडणे हे केवढे कसब होते, याची नीट कल्पना ज्याने ही उलटी प्रतिमा स्वतः पाहिली आहे त्यालाच येऊ शकते.

डोळा काचेला टेकला तो एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात, म्हणजे ज्याला आपण एसएलआर म्हणतो त्यात. येथे छायाचित्र घेणाऱ्या भिंगातलाच प्रकाश पंचेचाळीस अंशांत कललेल्या आरशावरून वर जातो, दुधी काचेवर प्रतिमा उमटवतो, आणि तिच्यावर बसवलेला पंचकोनी लोलक ती प्रतिमा सर्व बाजूंनी सुलट करून मागच्या नेत्रिकेकडे पाठवतो. ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्यात १९४९ साली हा लोलक आला, १९५९ च्या निकॉन एफने ही रचना व्यावसायिकांच्या हातात स्थिर केली, आणि डिजिटल युगातही फिल्मच्या जागी संवेदक आला तरी आरसा, लोलक आणि नेत्रिका हे त्रिकूट तसेच राहिले. नेत्रिका खरे पाहता एक भिंगच असते. दुधी काच डोळ्यापासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असूनही नेत्रिकेमुळे तिची आभासी प्रतिमा सुमारे एक मीटर अंतरावर दिसते. या अंतराचा व्यस्तांक म्हणजे एक डायॉप्टर, आणि म्हणूनच कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात नेत्रिकेची मूळ स्थिती उणे एक डायॉप्टर अशी नोंदलेली आढळते.

विशीतल्या डोळ्याला या आकड्याची काही गरज पडत नाही, कारण डोळ्यातले भिंग हवे तसे फुगून किंवा सपाट होऊन कोणत्याही अंतराशी जुळवून घेते. या क्षमतेला समायोजन शक्ती म्हणतात, आणि ती चाळिशीच्या आसपास जाणवण्याइतकी उणावते. त्या अवस्थेला वृद्धदृष्टिता असे काहीसे निष्ठुर नाव आहे. छायाचित्रकाराला तिची चाहूल अनेकदा वर्तमानपत्राआधी व्ह्यूफाइंडरमध्ये लागते, कारण चौकटीच्या खालच्या पट्टीतले हिरवट आकडे धूसर होतात आणि दृश्य फोकसमध्ये आहे की नाही याची खात्री वाटेनाशी होते. नेत्रिकेच्या बाजूला असणारी लहान फिरकी उणे तीन ते अधिक एक डायॉप्टरच्या आसपासचा फरक भरून काढते. त्यापलीकडे गरज असेल तर मूळ नेत्रिका काढून उणे तीन, उणे दोन, शून्य, अधिक एक, अधिक दोन अशा क्रमांकांची नेत्रिका बसवावी लागते. हे आकडे कॅमेऱ्याची फिरकी मधल्या, म्हणजे उणे एकच्या स्थितीत असताना मिळणारी एकूण शक्ती दाखवतात, त्यामुळे चष्म्याचा नंबर जसाच्या तसा घेऊन दुकानात जाणाऱ्याची फसगत होते.

काढायला गेल्यावर नेत्रिका अडते ती दोन प्रकारांनी, आणि दोन्ही प्रकारांचे उपाय निराळे आहेत. लहान व मध्यम कॅमेऱ्यांतली रबरी नेत्रिका दोन खाचांत वरून सरकवून बसवलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंच्या कडांखाली बोटांची टोके घालून ती सरळ वर सरकवायची असते. मागच्या दिशेने ओढल्यास ती येत तर नाहीच, उलट प्लास्टिकचे पातळ ओठ मोडतात. या खाचांत घाम, त्वचेचे तेल आणि धूळ यांचा थर बसतो, आणि डास पळवणाऱ्या मलमांतला डीट हा घटक काही प्लास्टिके मऊ करीत असल्यामुळे जंगलात वापरलेल्या कॅमेऱ्यांत हा थर विशेष चिवट असतो. मऊ ब्रशने खाच झाडून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा नुसता ओलावा लावून ती दोन्ही कडांवरून फिरवली आणि थोडा वेळ जाऊ दिला, तर बहुधा तेवढ्याने काम भागते.

मोठ्या कॅमेऱ्यांतली गोल नेत्रिका आट्यांवर फिरवून बसवलेली असते, आणि तिच्या बाबतीत पहिला प्रश्न हा की ती खरोखर अडकली आहे की केवळ अटकवलेली आहे. २०१७ साली आलेल्या निकॉन डी८५० मध्ये नेत्रिकेच्या शेजारी एक छोटी कळ असते, जी फिरवल्यावर नेत्रिकेच्या आत एक पडदा बंद होतो. प्रकाशमापकाचा संवेदक लोलकाजवळ असल्यामुळे कॅमेरा तिपाईवर असताना आणि डोळा दूर असताना मागून शिरलेला प्रकाश मापन बिघडवतो, म्हणून हा पडदा दिलेला आहे. पण तोच पडदा नेत्रिकेची अटकही सोडतो. तो उघडा असेपर्यंत नेत्रिका उलटी फिरत नाही, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेला माणूस पक्कड घेऊन बसला की रबर फाटते, नेत्रिकेची कडी चेपते, आणि मुळात निर्दोष असलेला कॅमेरा दुरुस्तीला जातो. एवढ्या महत्त्वाच्या अटकेची कसलीही खूण कॅमेऱ्याच्या अंगावर असू नये, हे रचनाकारांचे दुर्लक्ष खरोखर खटकणारे आहे.

पडदा बंद करूनही जेव्हा कडी हलत नाही, तेव्हा ती खरी अडकलेली असते. मालवण किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या आट्यांत क्षार बसतो, तर ताडोब्यात उन्हाळ्यातल्या उघड्या जिप्सीतून फिरलेल्या कॅमेऱ्यांत तांबडी धूळ तेलाशी मिसळून घट्ट होते. याखेरीज कधीतरी कोणीतरी वाकडी बसवून जोराने आवळलेली असते, आणि मग आटे एकमेकांवर चढून बसतात. अशा वेळी दोन बोटांत जोराने दाबून फिरवणे हा सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत घातक उपाय असतो, कारण पातळ कडी दोन बाजूंनी दाबली की ती गोल न राहता लंबवर्तुळाकार होते आणि आट्यांत आणखी रुतते. लोणच्याच्या बरणीचे झाकण जसे कडेने आवळण्यापेक्षा तळव्याने सगळीकडून सारखे धरले तर सुटते, तसेच येथे घडते. रबरी हातमोजा घालून किंवा रुंद रबरी पट्टा कडीभोवती गुंडाळून सर्व बाजूंनी सारखा, पण हलका दाब देत कडी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावी, आणि ती केसभर सरली की लगेच पुढे न रेटता पुन्हा थोडी मागे आणून पुढे न्यावी, म्हणजे आट्यांतला कचरा सुटतो आणि बोटांना तो करकरत मोकळा होताना कळतो. मशिनचे तेल मात्र कदापि सोडू नये, कारण ते सरपटत आत जाऊन दुधी काचेवर पसरते, आणि तो डाग निघणे जवळपास अशक्य असते.

यानंतरही कडी हलली नाही, तर काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. मुंबईच्या फोर्ट भागातल्या बोरा बाजारासारख्या कॅमेऱ्यांच्या पेठांत असे हात अजून भेटतात. त्यांच्याकडे दोन टोकांचा भिंगपाना असतो, आणि त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोठे थांबावे याचे ज्ञान त्यांच्या बोटांत असते. आरसाविरहित कॅमेऱ्यांच्या प्रसाराबरोबर त्यांचे काम बदलत आहे, कारण त्या कॅमेऱ्यांत लोलक नसून नेत्रिकेमागे एक छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा असतो. कॅमेरा उन्हात पालथा राहिला तर नेत्रिकेचे भिंग सूर्यकिरण एकवटून तो पडदा जाळू शकते. त्यामुळे अशा कॅमेऱ्याची नेत्रिका काढताना उघडा पडलेला भाग सावलीत ठेवणे आवश्यक ठरते.

नवी नेत्रिका बसवण्याआधी मोकळ्या झालेल्या आट्यांवरून कोरडा ब्रश फिरवावा, आतल्या काचेवर फुंकर न मारता हवेच्या रबरी फुग्याने धूळ उडवावी, आणि कडी प्रथम उलट दिशेने फिरवून आटे जुळल्याचा बारीक टकटक स्पर्श जाणवल्यावरच सुलट फिरवून बोटांच्या जोरापुरती बसवावी. पडदा असलेल्या कॅमेऱ्यात तो पुन्हा उघडला की अटक आपोआप लागते. मग कॅमेऱ्याचे भिंग मुद्दाम फोकसबाहेर नेऊन, कॅमेरा कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे धरून, व्ह्यूफाइंडरमधल्या फोकसबिंदूंच्या चौकटी आणि खालचे आकडे कोरल्यासारखे दिसेपर्यंत फिरकी हळूहळू फिरवावी, कारण समोर स्पष्ट दृश्य असले की डोळा त्याच्या मागे जातो आणि उरलीसुरली समायोजन शक्ती खर्चून चुकीच्या आकड्यालाही बरोबर म्हणतो.