एका तोतयाचे दप्तर

वादग्रस्त सह्या आणि बनावट दस्तऐवज यांची पारख करण्यात ज्याच्या नोकरीची सारी वर्षे गेली, त्याने फावल्या वेळी तरी तोतयांच्या कथा वाचू नयेत, असे माझ्या स्नेह्यांचे मत आहे. परंतु कोर्टकचेरीत आम्हांला जे तुकड्यातुकड्यांनी, आणि तेही फिर्याद झाल्यानंतरच, पाहावयास मिळते, ते कादंबरीकार मुळापासून सलग उलगडून दाखवितो, आणि याच लोभाने मी अलेक्झांडर ड्यूमाच्या ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’कडे पुनःपुन्हा वळतो. १८४४ पासून पॅरिसच्या एका दैनिकातून क्रमशः निघालेल्या या कादंबरीचे बीज झाक प्यूशे नावाच्या पोलीस दप्तरदाराने प्रसिद्ध केलेल्या एका हकिगतीत आहे. तिच्यातील लबाडीला सरकारी कागदाचा वास येतो तो त्यामुळेच असावा.

नायक एडमंड दाँतेस हा मार्सेयचा खलाशी. निनावी अर्जावरून १८१५ साली तो कैदेत पडतो, आणि चौदा वर्षांनी मृत सहकैद्याच्या कफनात स्वतःला शिवून घेऊन समुद्रात फेकला जातो व निसटतो. त्याची पहिली तोतयेगिरी मला सर्वांत निर्दोष वाटते. त्याच रात्रीच्या तुफानात एक गलबत खडकांवर आपटून माणसांसकट बुडालेले असते. पहाटे पाण्यावर तरंगणारी एका खलाशाची तांबडी टोपी तो डोक्यावर चढवितो, आणि जवळून जाणाऱ्या चोरट्या व्यापाऱ्यांच्या होडीवर ‘त्या गलबतावरचा माल्टाचा खलाशी’ म्हणून दाखल होतो. गलबत खरोखरच बुडालेले, टोपी खरी, आणि खोटे पाडावयास एकही माणूस हयात नाही! वाढलेल्या दाढीविषयी विचारतात तेव्हा तो देवमातेला केलेल्या दहा वर्षांच्या नवसाचे कारण पुढे करतो. इतक्यात तुरुंगाच्या किल्ल्यावरून कैदी पळाल्याची तोफ होते. कप्तानाची नजर त्याच्याकडे वळते, संशय क्षणभर डोकावतो. पण सुकाणू हाती दिल्याबरोबर होडी कशी वळली हे त्याने नुकतेच पाहिलेले असते, तेव्हा हा पळालेला कैदी असलाच तर बरेच झाले, एवढा कसबी माणूस अनायासे मिळाला, असा मनाशी हिशेब करून तो गप्प राहतो. तोतया जितका स्वतःच्या कसबावर उभा असतो तितकाच, किंबहुना अधिक, त्याला खरा मानण्यात ज्याचा फायदा आहे त्याच्या गरजेवर उभा असतो, हे माझे मत या प्रसंगाइतके स्वच्छ मला कोणत्याही खटल्याच्या कागदांत सापडलेले नाही.

कैदेत दाँतेसला घडविणारा तो सहकैदी, फारिया नावाचा धर्मगुरू, कादंबरीत इटालियन दाखविला आहे. पण ते नाव आपल्या गोव्यातील कांदोळीचे. १७५६ साली तेथे जन्मलेल्या आबे फारियाने पॅरिसात संमोहनविद्येचे प्रयोग करून नाव कमावले आणि १८१९ साली तो तेथेच निवर्तला. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडविलेला त्याचा पुतळा पुष्कळांनी पाहिला असेल. कादंबरीतला फारिया आपल्या शिष्याला भाषा, गणित, इतिहास तर शिकवितोच, शिवाय तो निनावी अर्ज डाव्या हाताने लिहिलेला होता हेही ताडतो, आणि उजव्या हातांची अक्षरे भिन्न असली तरी डाव्या हातांची सारी सारखीच दिसतात, असा दाखला देतो. येथे मात्र माझा धंदा मला स्वस्थ बसू देत नाही. सवय नसलेल्या हाताची रेघ थरथरते, हे सर्वांचेच होते. परंतु शब्दांमधले अंतर, ओळीचा कल, समासाची रुंदी आणि शुद्धलेखनातल्या नेहमीच्या चुका हात बदलला तरी पुष्कळदा माणसाला सोडीत नाहीत, आणि आम्ही शोधतो ते हेच.

खजिना हाती आल्यावर दाँतेस पॅरिसात प्रकट होतो तो काउंट म्हणून. त्याची किताबाची सनद आणि माँटे क्रिस्टो हे बेट ही दोन्ही रोख पैशाने मिळविलेली असल्यामुळे कोणी तपासली तरी खरीच ठरावीत. डांग्लार या सावकाराकडे तो रोमच्या पेढीचे पतपत्र पाठवितो, आणि त्यात रकमेच्या जागी ‘अमर्याद’ एवढाच शब्द असतो. सावकार त्या शब्दाला अडतो, तेव्हा काउंट पाच-पाच लक्ष फ्रँकांच्या दोन रोख्यांसह आणखी दोन पेढ्यांची तशीच पतपत्रे खिशातून काढतो. शंकेखोराला उत्तर न देता त्याला लाजविणे ही युक्ती सावकाराच्या हावरेपणावर अचूक बेतलेली आहे.

पण खरी करामत पुढे आहे. सरकारी वकील व्हिलफोर, ज्याने त्याला कैदेत धाडले तोच, बिथरून काउंटची चौकशी आरंभितो. पोलीस खात्याकडून दोन नावे कळतात: काउंटचा स्नेही असलेला पाद्री बुसोनी आणि त्याचा हाडवैरी लॉर्ड विल्मोर. पोलिसांचा माणूस असल्याचे सोंग घेऊन व्हिलफोर एकाच संध्याकाळी दोघांना भेटतो आणि स्वतः ओळखला जाऊ नये म्हणून दिव्याचा उजेडही बेताचाच ठेववितो. बुसोनी सांगतो की हा माल्टाच्या एका श्रीमंत जहाजबांधणीवाल्याचा मुलगा, नाव झाकोने. विल्मोर शिव्या घालीत सांगतो की हा हिंदुस्थानातील एका संस्थानिकाच्या चाकरीत इंग्रजांशी लढला, पुढे ग्रीसमध्ये त्याला चांदीची खाण लागली. काउंटने घेतलेल्या नव्या घराचे प्रयोजन एक वेड्यांचे इस्पितळ सांगतो, दुसरा औषधी पाण्याचा झरा. ही विसंगती पाहून मी ड्यूमाला मनोमन मुजरा केला, कारण शब्दाला शब्द जुळणाऱ्या दोन जबान्या समोर आल्या की पढविलेल्या साक्षीचा वास आम्हांला प्रथम येतो. येथे एक मित्र, एक शत्रू, तपशिलात फरक, मुख्य मुद्द्यावर एकमत. दोन्ही साक्षीदार अर्थातच काउंट स्वतः! विल्मोरचे भुरे केस, तांबड्या गालमिशा आणि नकली जबडा तो पाहुणा गेल्यावर उतरवून ठेवतो. व्हिलफोर घरी जाऊन कित्येक दिवसांत प्रथमच शांत झोपतो. त्याला भीती एका जुन्या गुपिताची होती, आणि त्याला दोघांनीही हात लावला नाही. हवे ते खरे मानण्याची ही ओढ आपल्याकडेही दिसते: भाऊसाहेब पेशव्यांच्या तोतयाला, केळकरांनी ज्याच्यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले त्याला, पानिपतानंतर १७७६ पर्यंत माणसे मिळत गेली ती काही हुबेहूब चेहऱ्यामुळेच नव्हे. भाऊसाहेब परत यावेत ही कित्येक घरांची इच्छा होती.

एवढ्या बंदोबस्ताची ही इमारत एका व्यक्तीपुढे टिकत नाही. पूर्वीची वाग्दत्त वधू मर्सेदेस त्याला पाहता-ऐकताच ओळखते, आणि बोलत मात्र नाही. तिला त्याच्यापासून ना पैसा हवा होता, ना कसले अभय.

ही कादंबरी वाचावयाची झाल्यास वाचकांनी कृपा करून संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये. संक्षेपकाराची कात्री सुटका, खजिना आणि द्वंद्व यांना सहसा हात लावीत नाही. ती फिरते चौकशीच्या त्या रटाळ वाटणाऱ्या प्रकरणावर, आणि या तोतयाचे सारे दप्तर नेमके तेथेच उघडे पडले आहे.