चिखलाचा ताळेबंद

विज्ञानाशी माझं वैर नाही. वैर व्हायला आधी ओळख लागते. दहावीनंतर प्रवेशाच्या दिवशी मी सायन्सच्या प्रयोगशाळेत नुसता डोकावलो; तिथल्या बरणीतल्या बेडकानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी सरळ कॉमर्सच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मग बी.कॉम., मग बँक, मग लोणावळ्याची शाखा. इथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पासबुकापासून पापडापर्यंत सगळं सादळतं, माणूसही. अशाच सादळलेल्या अवस्थेत, जुलैतल्या एका संध्याकाळी, पुतणीचा फोन आला.

"काका, तात्याआजोबांच्या खाचरातला चिखल हवाय."

ही पुतणी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएच.डी. करते. तात्या म्हणजे माझे चुलते. कामशेतहून आत, नाणे मावळात, आमचं सव्वा एकर भाताचं शेत आहे. म्हणजे सातबाऱ्यावर अकरा जणांचं आहे आणि चिखलात एकट्या तात्यांचं आहे. बाकी आम्ही दहा जण इंद्रायणीच्या तांदळापुरते शेतकरी. हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९८७ साली प्रसृत झालं, एवढी माहिती आम्ही पाहुण्यांना वाढता वाढता देतो.

त्या वर्षी आम्ही दहा जणांनी शेत विकायचं ठरवलं होतं. बंगल्यांसाठी गिऱ्हाईक आलं होतं. दसऱ्याला साठेखत. मलाही फ्लॅटचं कर्ज फेडायचं होतं, तेव्हा मी त्या दहांत होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी उगाच सज्जन वाटायचो.

"चिखल ना? डबा भरून ठेवतो. सोमवारी लोकलनं कुणाबरोबर तरी पाठवतो," मी म्हणालो.

"काका, काकू रात्री इडलीचं पीठ वाटून ठेवते. सकाळी ते तेच पीठ असतं का?"

नसतं. सकाळी ते पातेल्याबाहेर आलेलं असतं.

"तसंच चिखलाचं. एका ग्रॅम मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. कुठले आणि किती, ते मला मोजायचंय. खाचरात वर पाणी असतं म्हणून खाली हवा पोचत नाही. तिथे मिथेन तयार करणारे जीव राहतात, त्यांना ऑक्सिजन म्हणजे विष. तू डबा भरून, हिंदकळत, दोन दिवसांनी पाठवलास तर ते बसतील दबून आणि हवेवर जगणारे माजतील. माझ्याकडे पोचेल तो डब्यातला समाज. खाचरातला नव्हे."

याच मिथेनवाल्यांच्या अभ्यासातून कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या दोघांनी १९७७ साली जीवसृष्टीत एक तिसरीच शाखा असल्याचं दाखवलं, असंही तिनं सांगितलं. आमच्या खाचरात अशी थोर मंडळी राहतात आणि आम्ही त्यांच्यासकट शेत विकायला काढलं होतं!

मग मला एकदम उजेड पडला. हा तर ताळेबंद! ताळेबंदावर आम्ही "३१ मार्च रोजी" असं लिहितो. त्या क्षणाला जे असेल ते. रात्री वह्या बंद झाल्यावर कुणी गुपचूप चार नोंदी केल्या, तर तो ताळेबंद राहत नाही, बनाव होतो. पुतणीला चिखलाच्या वह्या जागच्या जागी बंद करायच्या होत्या.

"बरोब्बर!" ती म्हणाली. विज्ञानानं मला दिलेली ही पहिली शाबासकी.

वह्या बंद करायच्या रीती तिनं सांगितल्या, आणि मला आमची आजी आठवली. एक रीत गारठवायची. साधा फ्रिज कामाचा नाही, त्यात कारभार मंदावतो, थांबत नाही. म्हणून कोरडा बर्फ, आणि नंतर उणे ८० अंशांचा फ्रीझर. दुसरी रीत तीव्र क्षारांच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे लोणचं. तिसरी खडखडीत वाळवायची, म्हणजे सांडगे. चौथी मात्र आजीकडे नव्हती: पंच्याण्णव टक्के अल्कोहोल. आम्ही नेमकी तीच निवडली.

दुसऱ्या शनिवारी पुतणी लोकलनं लोणावळ्याला आली आणि आम्ही स्कूटरवरून निघालो. पावसाळ्यातला शनिवार म्हणजे लोणावळ्यात माणसांचा पूर. नाक्यावर हवालदारांनी पिशवी उघडायला लावली.

"बाटलीत काय?"

"अल्कोहोल," मी बँकेतल्या सवयीनं खरं सांगितलं. "पंच्याण्णव टक्के."

"कुणासाठी?"

"मातीसाठी."

पुतणीनं घाईघाईनं पत्र दाखवलं. हवालदारांनी ते दोनदा वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. "मातीला पाजणार असाल तर जा," ते म्हणाले. "माणसाला असती तर ठेवून घेतली असती."

लावणीच्या आधीची चिखलणी चालली होती. तात्या इरलं घेऊन बांधावर उभे. पुतणी गुडघाभर चिखलात उतरली. ठरलेल्या जागा, ठरलेली खोली, प्रत्येक नळीत सारखाच चिखल आणि सारखंच स्पिरिट. अशा चोवीस नळ्या. माझं अक्षर चांगलं म्हणून क्रमांक घालायचं काम माझ्याकडे. मी खास नवं मार्कर घेतलं होतं. त्यावर 'पर्मनंट' असं लिहिलेलं होतं.

संध्याकाळी घरी डबा उघडला. एक नळी थोडी पाझरली होती आणि तेवढ्या स्पिरिटात चोवीसच्या चोवीस क्रमांक धुऊन निघाले होते. डब्यात एक जांभळी शाई तेवढी पर्मनंट होती. नळ्यांत चिखल अगदी सुरक्षित. फक्त कुठला कुठला, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. खातं आहे, शिल्लक आहे, खातेदाराचं नाव नाही. पुतणी रडली नाही. तिनं नुसतं विचारलं, "काका, पेन्सिल नव्हती का रे?" पेन्सिलीला स्पिरिटानं काही होत नाही. आजतागायत मला एवढं कुणी बोललेलं नाही.

रविवारी पुन्हा गेलो तर खाचरात हिरवी रोपं डुलत होती. लावणीआधीचा चिखल आता वर्षानं. आणि तिला तर चिखलणी, फुलोरा, कापणी असा एकाच हंगामाचा सलग हिशेब हवा होता. वर्षानं तिथे बंगल्याचा पाया असणार होता.

मी तात्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साठेखत पुढल्या दिवाळीनंतर. पोरीचं मोजून होऊ दे."

तात्यांच्या सहीशिवाय व्यवहार होत नव्हता. भावकीत गहजब झाला. मी मुद्दाम क्रमांक पुसले असा माझ्यावर आरोप आला. तो खोटा होता. पण तो ऐकताना मला वाईट वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही, हेही खरं.

दुसऱ्या वर्षी मी पेन्सिलींचा डबाच नेला. क्रमांक झाकणावर, नळीवर आणि आत टाकलेल्या चिठ्ठीवरही. शिवाय चोवीस नळ्यांबरोबर एक पंचविसावी, चिखल न भरलेली. तिथेच उघडायची, तिच्यात नुसतं स्पिरिट घालायचं आणि मिटायची. मला ती उधळपट्टी वाटली. "हिच्यात पुढे जे सापडेल, ते आपल्या हातांचं, हवेचं नाहीतर रसायनांचं," पुतणी म्हणाली. "ते शेताच्या नावावर टाकायचं नाही." एवढी नेकी आमच्या भावकीत असती तर!

पुढचं काम प्रयोगशाळेत. बहुतेक जीवाणू काचेच्या बशीत वाढतच नाहीत, म्हणून सगळ्या चिखलाचा डीएनए काढून कोण कोण आहे ते वाचतात. २०१५ च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गोदावरीतले जीवाणू असेच वाचले होते. यात एक गोम आहे: मेलेल्या जीवाचा डीएनए मातीत काही काळ उरतो आणि मोजणीत तोही येतो. मी म्हटलं, आम्ही दर नोव्हेंबरला पेन्शनवाल्यांकडे हयातीचा दाखला मागतो, तसा मागा. तर तसेही उपाय आहेत म्हणे.

दिवाळीनंतर साठेखत झालं. मीही सही केली, पेनानं. आता तिथे कुंपण आहे आणि कुंपणावर बंगल्यांचं रंगीत चित्र. माझं कर्ज फिटलं.

गेल्या महिन्यात पुतणीनं मला तिचा फ्रीझर दाखवला. दार उघडल्याबरोबर वाफांचा लोट आला, आणि एका खोक्यात आमच्या नळ्या. माझ्याच अक्षरात: नाणे मावळ, खाचर, चिखलणी, तारीख. त्या दिवशी तिथे जे जे नांदत होते ते सगळे त्या तारखेपाशी थांबलेले. सातबाऱ्यावरची आमची नावं गेली, यांची राहिली.

परत येताना कामशेतला उतरून तात्यांकडे गेलो.

"तात्या, आपलं शेत आहे बरं का अजून. एवढंसं. पुण्यात, उणे ऐंशीला."

तात्यांनी अडकित्ता थांबवला. "आणि तिथं लाईट गेली तर?"

"जनरेटर आहे."

"मग बरं," तात्या म्हणाले, आणि सुपारी कातरायला लागले. थोड्या वेळानं मान वर न करताच त्यांनी विचारलं, "पेन्सिलीनंच लिहिलंस ना?"